मडीचं पाणी

उन्हाळा चढू लागला की आमच्या गावात ओट्याओट्यावर माणसं बसलेली दिसायची. एक पाय पुढं लांब सोडलेला, त्यावर रुईचं नाहीतर एरंडाचं पान बांधलेलं, आणि पानाखालून डोकावणारी एक बारीक काडी. काडीभोवती पांढरा दोरा गुंडाळलेला असायचा. तो दोरा म्हणजे नारू, माणसाच्या मांसात वाढलेला हातभर लांबीचा जंतू. रोज बोटभर बाहेर यायचा आणि तेवढाच काडीला गुंडाळायचा. घाई करून ओढला आणि तो आत तुटला, की पाय सुजून काळानिळा व्हायचा, आणि माणूस एकतर जन्माचा लंगडा व्हायचा नाहीतर जायचा. आज हे माझ्या नातसुनेला सांगायला लागले की ती कानांवर हात ठेवते. आम्ही मात्र त्याच ओट्यांवर, त्याच माणसांशेजारी बसून ज्वारीची भाकरी आणि पुंडीच्या पाल्याची आंबट भाजी खात होतो. उन्हाळ्यात आंबे यायचे तसा नारू यायचा. मृग तोंडावर आला की घरातल्या चार पुरुषांतले दोन ओट्यावर असायचे आणि निम्मी रानं पेरणीवाचून राहायची. त्याबद्दल कुणी कुणाला बोल लावत नव्हतं. देवीचा कोप आहे म्हणायचे आणि पान बदलायचे.

आमचं गाव हळ्ळीखेडच्या पलीकडं, काळ्या रानात. घरात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात नांदायची, आणि सरकारी माणूस आला की उर्दू. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तुरीचा व्यापार होता. सुगी संपली की ते बैलगाड्या भरून गुलबर्ग्याला जायचे आणि आठवड्यानं परत यायचे, तेव्हा त्यांच्या धोतराला रस्त्याच्या धुळीचा आणि तुरीच्या पोत्यांचा मिळून एक कोरडा वास असायचा. आई, आमची अव्वा, पहाटे जातं ओढायची. त्या घरघरीत मला जाग यायची, आणि तिच्यावर चढलेला आत्याचा आवाज: "शिवू नगंस, मी मडीत हाय!" आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लवकर नवरा गेलेली, आमच्याच घरी राहिलेली. मडी म्हणजे सोवळं. अंघोळ करून ओलेत्यानं राहायचं, कुणाला शिवायचं नाही, शिवलेलं काही घ्यायचं नाही. आमच्या पंथात खरं तर सोवळ्याओवळ्याला जागाच नाही, आमच्या थोरांनी ते केव्हाच मोडीत काढलं होतं. अप्पा तिला तसं म्हणायचेही. त्यावर आत्या म्हणायची, "मोडलं असंल त्यांनी. मी न्हाई मोडलं." पुढं बोलायची सोय नसायची.

नारूचं सगळं प्रकरण सुरू झालं ते सोमलीमुळं. सोमली आमच्या गावाबाहेरच्या लमाणांच्या तांड्यावरची. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन यायची, हातभर हस्तिदंती बांगड्या, बोलणं फटकळ. एकदा अप्पा ओट्यावर बसलेल्या आमच्या गड्याकडं बघत म्हणाले, "काय सोमली, तुमच्या तांड्यावर किती जन बसले यंदा?" ती मोळी उतरवत म्हणाली, "एक बी न्हाई." अप्पांना वाटलं, थट्टा करतेय. ती म्हणाली, "आमी वढ्याच्या वाळूत खड्डा उकरतो, त्यातलं पाझरलेलं पानी पितो. तुमी बारवंत पाय घालता आनि तेच पिता. तुमी पानी पायानं पिता, अण्णा." अव्वाला राग आला. अप्पा मात्र मोळी हातात धरून तसेच उभे राहिले. आमची बारव म्हणजे चारी बाजूंनी पायऱ्या असलेली खोल विहीर. बायका पायऱ्या उतरून घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या. ज्याच्या पायाची आग होत असेल तोही तिथंच जायचा, पाय पाण्यात सोडून बसायचा, त्याला बरं वाटायचं. तांड्यावरच्यांना आम्ही बारवेच्या काठालाही येऊ देत नव्हतो. आम्ही त्यांना दूर ठेवलं म्हणून ते धडधाकट राहिले, हे ध्यानात यायला मला फार वर्षं लागली, आणि आलं तेव्हा मान वर करवेना.

पुढच्या खेपेला गुलबर्ग्याहून अप्पा आले ते दोन वस्तू घेऊन. एक पितळी दांड्याचं भिंग आणि एक मांजरपाटाचा अख्खा ताका. तिथल्या दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या कंपाउंडरनं त्यांना सगळं उलगडून सांगितलं होतं. त्याचं बोलणं अप्पा हुबेहूब करून दाखवायचे: "पानी छान के पीओ रे, अण्णा. बस. और कुछ नको." म्हणजे पाणी गाळून प्यायचं, एवढंच. नारूच्या पायातून पाण्यात बारीक बी पडतं, ते पाण्यातले किडे खातात, किडे आपण पितो, आणि बरोबर वर्षानं नारू बाहेर येतो. किडे डोळ्याला दिसतील न दिसतील इतके बारीक, पण दुहेरी कापडातून जात नाहीत. अप्पांनी तांब्यात बारवेचं पाणी घेतलं, उन्हात धरलं आणि मला भिंगातून बघायला लावलं. पाण्यात पांढरे ठिपके उड्या मारत होते. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत पाणी प्याले नाही, आणि मग तहान असह्य झाल्यावर लुगड्याच्या चार पदरी घडीतून गाळून प्याले. अप्पा खूश होऊन अव्वाला म्हणाले, "बघ, हिला कळलं."

गावाला कळवणं इतकं सोपं नव्हतं. अप्पांचं म्हणणं, बारवेच्या पायऱ्या दगडानं बुजवाव्यात, वर कठडा बांधावा आणि रहाट लावून पाणी ओढावं, म्हणजे कुणाचा पाय पाण्याला लागणार नाही. चावडीवर हे बोलल्याबरोबर कल्लोळ झाला. ती बारव कुणा पुण्यवंतानं बांधलेली, नव्या नवऱ्या तिथं पाय धुवायच्या, बाळंतिणी तिथं उतरून पूजा करायच्या, आणि हा तूरवाला ती बुजवा म्हणतो! पाटील मोठे सावध गृहस्थ. मिशा चोळत म्हणाले, "शिवराजअण्णा, तुमी म्हनता तसं एक वरीस गाळून पिऊ. पुढल्या वैशाखात नारू न्हाई निघाला, तर गाव दगड बी देईल आनि हात बी देईल. पन निघाला, तर पुन्यांदा बारवंचं नाव काढायचं न्हाई. कबूल?" अप्पा म्हणाले, "यंदाचा निघंल तो गेल्या सालच्या पान्याचा. तो धरायचा न्हाई. पुढल्या सालचा बघा." पाटील म्हणाले, "व्हय, पुढल्या सालचा." अशी बोली झाली. अप्पा घरी आले तेव्हा चेहऱ्यावर असा आनंद होता की बारव जणू बुजलीच. अव्वानं विचारलं, "आनि एखाद्यानं गाळलं न्हाई तर?" अप्पा म्हणाले, "त्यासाठी नीली हाय की."

नीली म्हणजे मी, नीलम्मा. तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. ताका फाडून घरोघर हातभर लांबीची दुहेरी गाळणी वाटली ती मी. त्यानंतर रोज सकाळी बारवेच्या तोंडाशी उभी राहून प्रत्येक घागरीच्या तोंडाला गाळणं आहे की नाही ते तपासायचीही मीच. मला शिंगं फुटली होती. आजीच्या वयाच्या बायकांना मी परत पायऱ्या उतरायला लावायची, घागरी ओतायला लावायची. एका सुनेनं फाटकं गाळणं बांधलं म्हणून तिला सगळ्यांदेखत इतकं बोलले की ती रडली. बायका मला फौजदारीण म्हणायच्या. लांबून मी दिसले की म्हणायच्या, "झाका गं, फौजदारीन आली!" मला ते फार आवडायचं. आज त्या मुलीची आठवण आली की मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

वैशाखात आमच्या देवाची जत्रा असते. त्या दिवशी बारवेचं मडीचं पाणी आणून देवाला अभिषेक करायचा आणि तेच तीर्थ म्हणून गाव घ्यायचं. हे पाणी दरवर्षी आत्या आणायची. बोली झाली त्या वर्षी तिच्या पोटरीतून नारू निघाला होता, आदल्या उन्हाळ्याच्या पाण्याचा, बोलीत न धरायचा. तिला पायऱ्या उतरवेनात, म्हणून काम माझ्याकडं आलं. घरात सकाळपासून हुग्गी शिजत होती, गव्हाचा आणि गुळाचा घट्ट वास सगळीकडं भरला होता. मी डोक्यावरून पाणी घेतलं, ओलं लुगडं तसंच अंगावर, काखेत देवाची तांब्याची घागर. निघताना ताक्यातलं कोरं कापड फाडून हातात घेतलं. आत्या उंबऱ्याशी पाय लांब करून बसली होती.

"हातात काय घेऊन जायलीस?"

"गाळनं."

"टाक ते."

"अप्पानं सांगितलंय, गाळल्याबिगर एक थेंब बी..."

"कापड कोरं हाय. त्याला गिरनीतली खळ हाय. त्या खळीत जनावराची चरबी घालत्यात, सगळ्या बाजाराला ठाव हाय. चरबीतून गाळलेलं पानी देवाच्या अंगावर घालनार हाईस?"

"मग घरातलं जुनं घेते."

"ते रोज हजारदा शिवलेलं. त्याला मडी कुठली?" मग आवाज उतरवून म्हणाली, "नीले, एवढंसं तीर्थ. तळहातावर मावंल एवढं. देवाच्या पान्यात किडे असत्यात का? जा. आनि पानी देवाला पोचंस्तवर तोंडातून शब्द काढू नगंस."

मी कापड कोनाड्यात ठेवलं. मला काय वाटत होतं ते नेमकं सांगायचं तर, मला आत्याची भीती वाटली आणि देवाचीही वाटली. चरबीचं ऐकून किळस आली. आणि इतके दिवस सगळ्यांना धाकात ठेवणारी मी, पण मला स्वतःला कुणी विचारणारं नव्हतं.

बारव त्या दिवशी सुनसान होती. सगळं गाव देवळापाशी, हलगीचा आवाज लांबून येत होता आणि पायऱ्यांच्या खोल पोटात तो दबल्यासारखा वाटायचा. वैशाखात पाणी तळाला गेलेलं असतं. मी खाली खाली उतरत गेले तसा उजेड हिरवट होत गेला. पाण्यापासून तिसऱ्या पायरीवर एक ओली चिंधी पडली होती आणि तिच्यात एरंडाचं पान. चिंधीजवळ ओल्या पावलाचा ठसा होता, एकाच पायाचा, अजून वाळला नव्हता. माझ्या आधी घटकाभर कुणीतरी तिथं पाय सोडून बसलं होतं. मी उभी राहिले. वर जाऊन ओरडावं, कापड आणावं, दुसरीकडचं पाणी घ्यावं, सगळं मनात आलं. पण मडीत बोलायचं नव्हतं, आणि वर हलगी थांबली होती. सगळे माझीच वाट बघत असणार होते. मी घागर बुडवली. पाणी आत शिरताना झालेला बुडबुड आवाज मला पुढं वर्षभर कुठंही ऐकू यायचा.

देवळाच्या दारात अप्पा उभे होते. त्या दिवशी त्यांनी नवा पटका बांधला होता. माझी घागर बघून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "नीले, गाळलं न्हवं?"

मला बोलता येत नव्हतं. मान मात्र हलवता येत होती. मी ती हलवली. होय म्हणून.

अप्पा गर्दीकडं वळून म्हणाले, "बघा, देवाचं पानी बी गाळूनच आनलंय आमच्या पोरीनं." देवळातल्या अय्यांनी, म्हणजे पुजाऱ्यांनी, अभिषेक केला आणि तीर्थ वाटायला घेतलं. अप्पा एरवी देवळात मागं उभे राहायचे, त्या दिवशी ते सगळ्यांच्या पुढं झाले. ओंजळ भरून घेतली, चार लोक बघताहेत याची खात्री केली आणि घटघट प्याले. पाठोपाठ पाटलांचा थोरला मुलगा, मग पुढच्या रांगेतली माणसं, मग बाया. माझ्या हातावर पळीभर पडलं. तीर्थ घेऊन ओला हात डोक्यावरून फिरवायची रीत आहे. मी तळहात ओठांपाशी नेला, ओठ घट्ट मिटले आणि सगळं पाणी केसांत पुसून टाकलं. कुणाला कळलं नाही. अप्पा माझ्याकडं बघून हसले. मला ते थांबवता आलं असतं. ओंजळ त्यांच्या तोंडाला लागायच्या आधी एक शब्द पुरला असता, आणि तोवर पाणी देवाला पोचलंही होतं, मडीचं मौन संपलं होतं. हे मी माझ्या मुलांनाही कधी सांगितलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते आहे.

त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब. पाऊस झाला, पेरण्या झाल्या, तुरी फुलल्या, रानं पिवळी झाली. अप्पा दिवसेंदिवस उजळत चालले होते. गावात गाळण्याची सवय पडली होती. बायका आता माझी वाट न बघता आपापसांत एकमेकींना हटकायच्या. एकीनं तर गाळण्याला लाल धाग्याची कड घातली होती. हे सगळं बघत मी महिने मोजायची. संक्रांतीला नववा लागला. अप्पा अंघोळीला बसले की मी काहीतरी निमित्त काढून तिथून जायची आणि त्यांच्या पायांकडं बघायची. एकदा त्यांनी विचारलंच, "काय बघायलीस गं?" मी म्हणाले, "काई न्हाई, पाठ घासू का?" ते म्हणाले, "घास की." मी पाठ घासली आणि नजर त्यांच्या घोट्यांवर ठेवली. कातडी स्वच्छ होती. आत काय चाललं आहे ते बाहेरून कळत नाही, हेच त्या रोगाचं भय. वर्षभर तो माणसाबरोबर जेवतो, झोपतो, हसतो, आणि माणसाला पत्ता नसतो. आमच्या घरात मात्र एकीला पत्ता होता.

आत्याला मी एकदा विचारलं, सांगून टाकू का. ती वाती वळत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "काय सांगनार? देवाच्या तीर्थानं रोग दिला म्हनून? अजून कुनाला काई झालं न्हाई. कामून वंगाळ बोलायलीस?"

चैत्र कोरडा गेला. गावातल्या ओट्यांवर फारच थोडी माणसं होती, तीही जुन्या दुखण्याची. वैशाख लागला आणि पाटलांच्या थोरल्याच्या नडगीवर फोड आला. मग पुढच्या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी एकाच्या टाचेवर, एकाच्या गुडघ्याखाली. एकूण सात माणसं बसली. दरसालच्या मानानं सात म्हणजे काहीच नव्हतं, पण बोलीत किती हे ठरलं नव्हतं. एक जरी निघाला तरी निघालाच. अप्पा घरोघर फिरले. गाळणं बघू, फाटलंय का, रानात कुठं प्यालात का, पाहुण्याकडं गेला होतात का, असं परोपरीनं विचारत राहिले. सगळ्यांनी शपथा घेऊन सांगितलं की गाळल्याशिवाय घोट घेतला नाही. ते खरंच सांगत होते. घरी येऊन अप्पा गाळलेलं पाणी पेल्यात घ्यायचे आणि भिंग लावून बघत बसायचे. पुन्हा गाळायचे, पुन्हा बघायचे. "कुठं तरी चुकायलंय माझं," म्हणायचे. त्यांची मान खाली वाकलेली बघताना मला वाटायचं, भिंग हिसकावून घ्यावं आणि ओरडावं. मी जेवायला वाढलं.

ते लंगडत होते हे सगळ्यात आधी मलाच दिसलं. "काटा मोडलाय," म्हणाले. धोतर खाली ओढून नेसायला लागले. चार दिवस त्यांनी ती आग सोसली, पण पाय पाण्यात घातला नाही. शेवटी अव्वानं धोतर वर केलं आणि तोंडावर हात घेतला. डाव्या घोट्यावर फोड फुटून पांढरं टोक बाहेर आलं होतं. ज्यानं गावाला गाळून प्यायला शिकवलं त्याच्याच पायाला नारू, ही बातमी उन्हं कलायच्या आत तांड्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी चावडीवर बोलावणं आलं. अप्पांनी कुणाचं ऐकलं नाही. दोन गड्यांच्या खांद्यावर हात टाकून निघाले. चावडीच्या पायऱ्या चढताना पाय आपटला, काडी निसटली आणि नारू आत तुटला. त्यांनी ओठ चावला, हे मी मागून बघितलं. आमच्याकडं बायका चावडीवर जात नसत. मी दारातल्या लिंबाखाली उभी होते.

पाटील शांतपणे म्हणाले, "शिवराजअण्णा, बोली तुमीच केली व्हती. तुमची चूक हाय असं कोनी म्हनत न्हाई. पन आता बारवंचा नाद सोडा."

अप्पा म्हणाले, "पाटील, माझं काय तरी चुकलंय. काय ते मला कळंना झालंय. पन गाळनं चुकीचं न्हाई."

"मग तुमच्या पायात कुठून आलं?"

अप्पा आपल्या पायाकडं बघत राहिले. कुणीतरी मागं हसलं. गाळणी आता चुलीत घाला, म्हणून कुणीतरी बोललं. मी आत गेले. माझे पाय कसे उचलले गेले ते आठवत नाही.

"जत्रंचं पानी गाळलं नव्हतं," मी म्हणाले. "मी खोटी मान हलवली. ज्यांनी पुढं उभं राहून तीर्थ घेतलं, त्येच बसलेत. मोजून बघा."

पाटील कळवळून म्हणाले, "बापासाठी लेकराचा जीव तुटायलाय. जा पोरी, घरी जा." अय्या भिंतीला टेकून बसले होते. म्हातारे, सज्जन माणूस. ते म्हणाले, "बाळ, तू मडीत व्हतीस. ओलेत्यानं दिलेली साक्ष गाव खरी धरतं. वाद झाला, बांध सरकला, तरी ओलेत्यानं सांगितलेलं आमी मानतो. मडीत खोटं कोन बोलतंय?"

मी चावडीतून निघाले ती थेट बारवेत उतरले. भर दुपार होती, पायऱ्या चटके देत होत्या. लुगड्यासकट डोक्यापर्यंत बुडी मारली आणि तशीच निथळत परत चावडीत येऊन उभी राहिले. माझ्या अंगाचं पाणी खालच्या फरशीवर पसरत होतं आणि पुरुष पाय मागं घेत होते.

"आता मडीत हाय," मी म्हणाले. "गाळलं नव्हतं. पायरीवर नारूवाल्याची चिंधी बघितली आनि तरी घागर भरली. मला ठाव व्हतं म्हनून मी ते पिले न्हाई, केसाला पुसलं. बघा, माझे पाय कोरे हाईत."

मी लुगडं घोट्यांच्या वर धरलं. सगळे माझ्या पायांकडं बघत होते. गावातल्या मुलीनं चावडीत असं उभं राहावं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आत्याचं नाव मी घेतलं नाही. तिनं कापड टाकायला लावलं होतं, मान मी हलवली होती. अय्यांनी डोळे मिटून घेतले. पाटलांनी मान वळवली आणि विचारलं, "शिवराजअण्णा?"

मला वाटलं होतं, अप्पा सुटतील. वर्षभराचं ओझं उतरून म्हणतील, बघा, मी खरा होतो. गाव त्यांच्याकडं त्याच नजरेनं बघत होतं. पण ते गावाशी बोललेच नाहीत. माझ्याकडं बघत हळू आवाजात, जणू घरात दोघंच आहोत अशा सुरात म्हणाले, "गाळलं न्हाई नीले? आनि मी पेताना बघत उभी व्हतीस?"

बारव बुजली. पाटील शब्दाला जागले. मृगाच्या आधी पायऱ्यांवर दगड पडले. ते दगड बैलांवर लादून आणले तांड्यावरच्या माणसांनीच. सोमली आपल्या नवऱ्याच्या पुढं चालत सगळ्यांना हुकूम सोडत होती. अप्पा बाजेवर पडून हे बघत होते. तुटलेल्या नारूनं त्यांचा पाय गुडघ्यातून आखडला तो पुढं कधी सरळ झाला नाही. कठडा झाला, रहाट बसला, आणि दोन उन्हाळ्यांनंतर ओट्यांवर पाय लांब करून बसलेलं माणूस दिसेनासं झालं. लोक अप्पांचं नाव आदरानं घ्यायला लागले. मडीचं पाणी आणायला मला पुन्हा कुणी सांगितलं नाही, आणि माझं लग्न जरा उशिरा, जरा लांबच्या गावी झालं. त्याचं मला काही नाही.

अप्पा माझ्यावर कधी रागावले नाहीत. बोलायचे, हसायचे, मी माहेरी गेले की माझ्या मुलांना मांडीवर घ्यायचे. त्यांच्याजवळ बसले की मीच त्यांना पाणी नेऊन द्यायची. रहाटाचं, स्वच्छ, गाळून माठात भरलेलं पाणी. ते माझ्या हातातून तांब्या घ्यायचे, त्याच्या तोंडावर धोतराचा सोगा दोनदा दुमडून घट्ट धरायचे, आणि त्यातून पाणी प्यायचे. अव्वानं दिलेलं पाणी ते सोगा न धरता, थेट तांब्यातून प्यायचे.